बारा आठवड्यांची मुदत : पिल्लाच्या सामाजीकरणाविषयी एक संवाद

साशंक : कुत्र्याचे पिल्लू घरी आणणाऱ्या शहरी कुटुंबाला आज पहिल्याच आठवड्यात ‘सामाजीकरणा’चा उपदेश ऐकावा लागतो, आणि त्या उपदेशात एक धमकी दडलेली असते. पिल्लू तीन महिन्यांचे होण्याआधी त्याला अमुक इतकी माणसे, अमुक इतकी कुत्री, आवाज, जिने आणि रस्ते दाखवले नाहीत तर ते पुढे भित्रे किंवा चावरे निघेल आणि त्याचा दोष सर्वस्वी पालकाच्या माथी येईल, असे बजावले जाते. इयान डनबार या नामवंत पशुवैद्याने तर तीन महिन्यांच्या आत किमान शंभर माणसांची ओळख घडवावी असा सल्ला देऊन ठेवला, आणि तेव्हापासून घरोघर हा आकडा जपमाळेच्या मण्यांसारखा मोजला जात आहे. उलट, गावोगावच्या वाड्यावस्त्यांवर पिढ्यानुपिढ्या कुत्री राहत आली; त्यांच्यासाठी कोणी याद्या केल्या नाहीत की वर्ग भरवले नाहीत, तरीही धनगराच्या वाड्यावरचे कुत्रे मेंढरांतून निवांत फिरते आणि एसटी थांब्यावर पसरलेले कुत्रे हॉर्न कानाशी वाजला तरी डोळा उघडत नाही. जे आपसूक होत आले त्याला शास्त्राचे नाव देऊन त्याची फी घेण्याचा हा उद्योग आहे, असे कोणी म्हटले तर त्यात काय चुकले?

पुरस्कर्ता : फी घेतली जाते एवढ्यावरून मूळ निरीक्षण खोटे ठरत नाही. सामाजीकरण म्हणजे पिल्लाला गर्दीत हिंडवणे नव्हे. आपल्यासोबत राहणारे जीव कोणते आणि भोवती घडणाऱ्या कोणत्या गोष्टी नित्याच्या समजायच्या, याची जी खूणगाठ प्राण्याचा मेंदू वाढीच्या एका ठरावीक अवस्थेत बांधतो, त्या प्रक्रियेचे हे नाव आहे. पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, कान त्यानंतर आठवडाभराने ऐकू लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून ते दिसेल त्या वस्तूकडे धडपडत जाऊ लागते. या दिवसांत जिज्ञासा भीतीहून बलवान असते. पुढे भीती हळूहळू वाढत जाते आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास, काहींत थोडे आधी तर काहींत थोडे नंतर, अनोळखी गोष्ट प्रथमदर्शनीच धोक्याची वाटू लागते. या दोन टोकांमधल्या कालखंडाला संवेदनक्षम काळ म्हणतात. अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम करून १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्याआधी १९६१ मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंच कुंपणाच्या आवारात, माणसाशी संबंध येणार नाही अशा रीतीने पिल्ले वाढवली गेली आणि त्यांतील काहींना निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसाची संगत देण्यात आली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत ती मुळीच मिळाली नाही, ती पिल्ले रानातल्या जनावरासारखी बुजरी राहिली. त्यांना आई होती, भावंडे होती, अन्न होते. उणीव होती ती फक्त माणसाची.

साशंक : हा प्रयोग मान्य केला तरी त्यातून निघते ते इतकेच, की माणसाचे दर्शनच न घडलेले पिल्लू माणसाळत नाही. शून्य संगतीने नुकसान होते, यावरून दसपट संगतीने दसपट लाभ होतो असे अनुमान काढता येत नाही. जीवनसत्त्वाच्या अभावाने रोग होतो म्हणून त्याच्या अतिरेकाने बळ येते, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. शिवाय बुजरेपणा रक्तातूनही येतो. अमेरिकेतील आर्कान्सा येथे पॉइंटर जातीच्या कुत्र्यांची एक वंशावळ मुद्दाम भित्र्या जनकांपासून वाढवण्यात आली होती. त्या वंशातील कुत्री माणूस समोर आला की थिजून उभी राहत, आणि माणसाच्या सहवासानेही त्यांचे भय पुरते गेले नाही. जातीजातींत भेद आहे तो वेगळाच : २०१५ मधील एका अभ्यासात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या पिल्लांत भीतीची लक्षणे जर्मन शेफर्डच्या पिल्लांपेक्षा उशिरा दिसू लागली. पिल्लाचा स्वभाव जर आईबापांकडून येत असेल आणि संवेदनक्षम काळाची लांबीही जातीप्रमाणे बदलत असेल, तर सरसकट सर्वांना एकच मुदत आणि एकच यादी देण्याला आधार काय? आणि गावातल्या कुत्र्यांच्या प्रश्नाला अद्याप उत्तर मिळालेले नाही.

पुरस्कर्ता : गावातल्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांविषयी बोलताना एक गोष्ट नजरेआड होते. एसटी थांब्यावर निवांत पडलेले जे कुत्रे दिसते ते वाचलेले कुत्रे असते. जी वाचली नाहीत ती दिसत नाहीत. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील संशोधकांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांची नोंद ठेवली, तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत जगलेली पिल्ले जेमतेम १९ टक्के भरली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. जे पिल्लू गाडीला दचकून भलत्या बाजूला पळाले किंवा जे नको त्या माणसाजवळ गेले, ते या हिशेबातून आधीच वजा झालेले असू शकते. उरलेल्यांच्या शांतपणाला निसर्गाचे सहज शिक्षण म्हणायचे, तर त्या शिक्षणाचा खर्चही सांगितला पाहिजे. दुसरे असे, की गल्लीतले पिल्लू सामाजीकरणावाचून वाढत नाही. ते त्यात बुडालेलेच असते. आईच्या अंगाला चिकटून ते सायकल, झाडू, भाजीची गाडी आणि शाळेतून सुटलेली मुले पाहते, भ्यायले की ओट्याखाली शिरते आणि भीती ओसरली की स्वतःच बाहेर येते. सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत आणलेल्या पिल्लापासून नेमके हेच सारे हिरावून घेतलेले असते. तेव्हा यादी ही त्या हरवलेल्या गल्लीची ओबडधोबड भरपाई आहे.

आनुवंशिकतेचे म्हणाल तर ती पिल्लाला किती मजल मारता येईल याची हद्द ठरवते. त्या हद्दीत ते कोठवर पोहोचेल हे संगोपनावर राहते. कॅलिफोर्नियात अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांवर काम करणारे क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांना असे आढळले, की बाराव्या आठवड्याची चाचणी उत्तीर्ण झालेल्या पिल्लांपैकी जी आठवडाभरात कुटुंबात गेली त्यांतली सुमारे ९० टक्के पुढे मार्गदर्शक झाली, आणि जी आणखी तीन आठवड्यांहून अधिक काळ कोंडवाड्यातच राहिली त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. निवडलेली पैदास तीच, चाचणीही तीच. फरक पडला तो मधल्या आठवड्यांनी.

साशंक : पण त्याच आठवड्यांत पिल्लाच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो, आणि या प्रश्नाचे सर्वांत अवघड अंग तेथे आहे. पिल्लाला आईच्या दुधातून, विशेषतः पहिल्या चिकातून, रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती रक्तात टिकून असेपर्यंत रोगापासून संरक्षण देतात, पण दिलेली लसही निष्प्रभ करतात. ती कोणत्या दिवशी पुरेशी घटतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असल्यामुळे लस एकदाच देऊन भागत नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याही पुढे डोस द्यावे लागतात. म्हणजे मनाची मुदत बाराव्या आठवड्याच्या सुमारास संपते आणि शरीराची तटबंदी सोळाव्या आठवड्याला पुरी होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो आणि रक्ती हगवणीने पिल्लू दोन-चार दिवसांत दगावते. त्यात भारतात रेबीज आहे. त्याची लस सामान्यतः तीन महिन्यांनंतर दिली जाते. तोवर गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याने पिल्लाला ओरबाडले आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही, तर शंभर माणसांची ओळख करून देणे म्हणजे शंभर माणसांना धोक्याच्या परिघात आणणे होय. शंभराचा आकडा ज्या देशातून आला तेथे घरगुती कुत्र्यांतला रेबीज जवळजवळ आटोक्यात आलेला आहे, हे तो आकडा येथे उतरवून घेणाऱ्यांनी पाहिले काय?

पुरस्कर्ता : रेबीजविषयीचा आक्षेप वजनदार आहे आणि त्यापुढे शंभराच्या आकड्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मात्र त्यावरून चौथ्या महिन्यापर्यंत दार लावून बसावे असे ठरत नाही. पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली घेतलेली भूमिका अशी, की पहिला डोस देऊन किमान सात दिवस झालेले आणि जंताचे औषध दिलेले पिल्लू सातव्या-आठव्या आठवड्यापासून वर्गात यायला हरकत नाही. त्यामागचा तर्क असा, की तीन वर्षांखालील कुत्र्यांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण संसर्गजन्य रोग नसून वर्तनाच्या तक्रारी आहेत. चावरे किंवा अनावर कुत्रे निवाऱ्यात सोडले जाते आणि तेथे त्याला मारले जाते. २०१३ मध्ये अमेरिकेतील चार शहरांत झालेल्या पाहणीतही एकदा तरी लस घेतलेल्या आणि वर्गात गेलेल्या पिल्लांना पार्व्होचा अधिक धोका असल्याचे दिसले नाही.

साशंक : त्या पाहणीत वर्गात गेलेली पिल्ले किती थोडी होती, हेही सांगायला हवे. आणि वर्तनामुळे होणारे मृत्यू हे निवाऱ्यांच्या त्या व्यवस्थेतले आहेत. भारतात निरोगी कुत्र्याला असे मारत नाहीत. नकोसे झालेले कुत्रे गच्चीवर साखळीला बांधले जाते किंवा रात्री गाडीतून नेऊन लांब सोडून दिले जाते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत दुसऱ्या देशाची वजने टाकून निघालेला कल येथे कसा चालेल?

पुरस्कर्ता : कल थोडा बदलेल, पण पारडी तीच राहतील, कारण साखळीवरचे आयुष्य हा काही दयाळू शेवट नव्हे. येथील पालकाला करता येण्याजोगे बरेच आहे. ज्या जमिनीवर मोकाट कुत्री मलमूत्र विसर्जन करतात तेथे पिल्लाचे पाय न टेकवता त्याला कडेवर किंवा पिशवीत घेऊन दाराबाहेर बसता येते. लस पूर्ण झालेले, स्वभावाने शांत असे मोठे कुत्रे ज्या घरी आहे तेथे नेता येते. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा, पंख्याखाली फडफडणारे वर्तमानपत्र हे सारे तर घरातच आहे. शंभर माणसांऐवजी बारा माणसे चालतील, पण त्यांत काठी टेकणारे आजोबा असावेत, हेल्मेट घातलेला पार्सलवाला असावा, साडी नेसलेली बाई आणि रेनकोटातला माणूस असावा. कारण एका प्रकारची पन्नास माणसे पाहिलेल्या पिल्लाला दुसऱ्या प्रकारचे पहिले माणूस परकेच वाटते.

येथवरच्या वादात दोन्ही बाजू प्रमाणाविषयी बोलत आहेत : किती माणसे, किती आठवडे, किती धोका. खरा मतभेद याच्या पलीकडे आहे, आणि तो ‘कडेवर’ या शब्दापाशी उघडा पडतो.

साशंक : कडेवर घेतलेल्या पिल्लाला एकच गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे निघून जाणे. सोसायटीच्या लिफ्टचे उदाहरण घ्यावे. दार उघडते, आत तीन शाळकरी मुले असतात, ‘किती गोड’ असा कल्ला होतो आणि सहा हात एकाच वेळी वरून, डोक्याच्या दिशेने येतात. पिल्लू मान आत घेते, कान मागे लावते, जीभ नाकावरून फिरवते, जांभई देते, तोंड वळवते आणि डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दिसू लागतो. ही सारी नकाराची लक्षणे आहेत. पण पालक हसत म्हणतो, ‘काही करत नाही, हात लावा.’ दोन मजल्यांनंतर पिल्लू अगदी स्तब्ध होते. त्या स्तब्धतेला शांत स्वभाव म्हटले जाते आणि यादीतल्या तीन मुलांपुढे खूण केली जाते. वास्तविक तेथे जे घडले ते मानसशास्त्रात संवेदनीकरण म्हणून ओळखले जाते : एखादी गोष्ट वारंवार आणि सुटकेची वाट न ठेवता समोर आली की तिची सवय होण्याऐवजी तिची धास्ती वाढत जाते. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशांच्या पथकापुढे पिल्लू धरून उभे राहणारे किंवा फटाक्यांची सवय व्हावी म्हणून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याला बाल्कनीत नेणारे पालक अगदी मनापासून सामाजीकरणच करत असतात. ज्या काळात मनावर ठसा सहज उमटतो त्या काळात वाईट ठसाही तितकाच सहज उमटतो, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास तर पिल्लू एखाद्या धक्क्याने विशेष हबकते असे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. नेमके याच वयात ते आईपासून तुटून नव्या घरी येते. मग जे पालक काहीच करत नाहीत त्यांच्यापेक्षा यादी घेऊन बसलेले पालक अधिक नुकसान करत नसतील कशावरून?

पुरस्कर्ता : असे नुकसान होते, हे नाकारता येणार नाही; किंबहुना सामाजीकरणाचा जो अर्थ प्रचारात रुजला तोच सदोष आहे. भेटींची संख्या मोजता येते म्हणून मोजली जाते. मोजायला हवे ते निराळेच : पिल्लू दचकल्यानंतर पुन्हा पूर्ववत व्हायला किती वेळ घेते. हातातून ताटली पडली, पिल्लू दोन पावले मागे सरले आणि क्षणभराने ताटली हुंगायला आले, तर ताटली पडणे ही त्याच्यासाठी चांगली शिकवण झाली. ते कपाटामागे शिरून तासभर बाहेर आले नाही, तर तीच ताटली फार जवळ पडली किंवा फार लवकर पडली असे समजावे. दुसरी खूण खाण्याची. एरवी हावरे असलेले पिल्लू रस्त्याच्या कडेला उकडलेल्या चिकनच्या तुकड्याकडेही बघत नसेल, तर ते हट्टी नाही, ते भेदरलेले आहे; तेथून वीस पावले मागे जावे, जेथे रस्ता दिसतो पण अंगावर येत नाही, आणि तेथे तुकडा पुन्हा पुढे करावा. ज्या अंतरावर पिल्लू खाऊ घेते ते त्याचे अंतर, आणि ते दुसऱ्या कोणी ठरवायचे नसते. लिफ्टमध्ये मुलांकडे पाठ करून उभे राहिले आणि ‘आज नको’ एवढे म्हटले, तरी त्या भेटीतून पिल्लाला अधिक मिळते : मुले असतात, आवाज करतात, आणि आपल्याला काही होत नाही. प्रत्येकाला चाटायला धावणारे पिल्लू हे ध्येयच नव्हे. प्रत्येकाजवळून निमूटपणे जाऊ शकणारे कुत्रे हे ध्येय आहे.

साशंक : ध्येयाची ही व्याख्या अधिक शहाणपणाची आहे, परंतु तिच्यात एक निवड लपलेली आहे. पुरस्कर्त्याला हवे असलेले कुत्रे हे दाटीच्या वस्तीत, पट्ट्याला बांधून, परक्यांच्या जवळून चालणारे कुत्रे आहे. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी मेंढरांची राखण करणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसले की ही पिल्ले याच संवेदनक्षम काळात मेंढरांत वाढवावी लागतात, म्हणजे ती मेंढरांनाच आपली मंडळी मानतात. त्या काळात माणसांचा लळा जास्त लागला तर कुत्रे कळप सोडून घराकडे येते आणि कामाला निरुपयोगी ठरते. तेच पिल्लू, तेच आठवडे. एकाचे सामाजीकरण दुसऱ्याच्या दृष्टीने बिघाड. तेव्हा ‘सुसंस्कारित’ कुत्रा असा कोणी एक नसतो. जो समाज कुत्र्याला ज्या जागी ठेवणार, त्या जागेचा साचा आठवड्यांच्या मुदतीत त्याच्यावर बसवला जातो, आणि जागा अरुंद असेल तर साचाही अरुंद असतो. सगळा भार मात्र दोन किलोच्या जिवावर. मुलांनी परक्या कुत्र्याकडे धावत जाऊ नये, झोपलेल्या किंवा खाणाऱ्या कुत्र्याला हात लावू नये, हे शिकवणेही सामाजीकरणच आहे. रेबीजविरुद्ध मोहीम राबवताना गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाबरोबर शाळाशाळांतून मुलांना हे शिकवले गेले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथे माणसांकडूनही काही अपेक्षा ठेवली गेली.

पुरस्कर्ता : मुलांना शिकवण्यास विरोध कोणाचाच नाही, पण मुले शिकेपर्यंत पिल्लाचे आठवडे थांबत नाहीत.

साशंक : मग ते आठवडे कोणाच्या हाती असतात तेही पाहावे. तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळातला निम्म्याहून अधिक भाग पिल्लू पैदास करणाऱ्याकडे घालवते किंवा घालवायला हवा. भारतात २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले बाजारात सर्रास येतात, कारण लहान पिल्लू अधिक गोजिरे दिसते, लवकर खपते आणि तेवढे दिवस खाण्याचा खर्च वाचतो. इटलीतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांत दोन महिन्यांनी तोडलेल्यांपेक्षा भीती, भुंकणे आणि नासधूस यांच्या तक्रारी अधिक आढळल्या. भावंडांशी दंगामस्ती करताना चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू याच आठवड्यांत शिकते. टिनाच्या शेडमध्ये, एका बाजूने झाकलेल्या पिंजऱ्यात महिना काढलेले पिल्लू पुण्या-मुंबईच्या घरात आले की त्या घरातल्या माणसांना मुदतीची भीती घालायची आणि ज्याने ती मुदत पिंजऱ्यात दवडली त्याला कोणी काही विचारायचे नाही, हा कसला न्याय?

पुरस्कर्ता : न्याय नाहीच. ब्रिटनमध्ये मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात जन्मापासून सहा आठवड्यांपर्यंत रोज थोडा वेळ अधिक स्पर्श, आवाज आणि वस्तू यांचा परिचय दिला गेला, तेव्हा त्याचा गुण सहाव्या आठवड्यात आणि पुढे आठव्या महिन्यातही दिसला. म्हणजे कामाची सुरुवात जेथे व्हायला हवी तेथे ती स्वस्तात होऊ शकते. परंतु जे पिल्लू पिंजऱ्यातून आलेच आहे त्याचे काय करायचे, या प्रश्नाला पैदास करणाऱ्याचा दोष हे उत्तर होत नाही.

साशंक : तर त्याच पिल्लाविषयी बोलू. ते साडेनऊ आठवड्यांचे आहे, पलंगाखालून बाहेर येत नाही, घरात कोणी परके आले की भिंतीला चिकटते. पुरस्कर्त्याचे तत्त्व असे, की अंतर पिल्लाने ठरवायचे. या पिल्लाने ठरवलेले अंतर म्हणजे पलंगाखालचा कोपरा. त्याची निवड मानली तर पुढचे तीन आठवडे ते तेथेच काढेल आणि मुदत टळेल. मुदत मानली तर त्याला बाहेर ओढावे लागेल आणि ओढण्याने भीती पक्की होईल. धीट पिल्लाच्या बाबतीत हा पेच उद्भवत नाही, कारण त्याची निवड आणि मुदतीची घाई एकाच दिशेला असतात. म्हणजे पुरस्कर्त्याची पद्धत ज्याला तिची फारशी गरज नाही त्याला उत्तम लागू पडते, आणि ज्याला अत्यंत गरज आहे त्याच्यापाशी येऊन अडते.

पुरस्कर्ता : अडते हे खरे, पण पुरती थांबत नाही. खाऊ पलंगाच्या कडेशी ठेवावा, दुसऱ्या दिवशी चार बोटे बाहेर. माणसाने जमिनीवर, पिल्लाकडे पाठ करून बसावे. पाहुण्याने त्याच्याकडे बघूही नये. आणि मुदत ही भिंत नाही. रशियात नोव्होसिबिर्स्क येथे १९५९ पासून निव्वळ माणसाळूपणावर निवडून वाढवलेल्या कोल्ह्यांत ही मुदत मूळ कोल्ह्यांच्या दीड महिन्यावरून दोन महिन्यांपलीकडे सरकली. म्हणजे जैविक घड्याळ आहे, पण त्याचे काटे प्रत्येक वंशात, कदाचित प्रत्येक पिल्लातही, निराळे फिरतात. बाराव्या आठवड्यानंतरही शिकणे होते, फक्त सावकाश होते आणि एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी सहज लागू होत नाही.

साशंक : खाऊ चार बोटे बाहेर सरकवणे हेही ओढणेच आहे, फक्त दोरी दिसत नाही. भूक लागली म्हणून पुढे आलेल्या पिल्लाने परक्याला स्वीकारले की केवळ तुकडा मिळवण्यापुरते भय गिळले, हे पालकाला कसे कळावे?

पुरस्कर्ता : तुकडा घेतल्यानंतर ते मागे पळते की तेथेच उभे राहून हुंगते, यावरून काही अंशी कळते. जेवण रोखून हे कधीच करायचे नसते. तुकडा जेवणाव्यतिरिक्त असावा आणि तो न घेतल्यास काही बिघडू नये. तरीही शंका पूर्ण फिटत नाही. घेतलेला तुकडा आणि गिळलेले भय बाहेरून पुष्कळदा सारखेच दिसतात, आणि दहाव्या आठवड्यात चुकलेला अंदाज पहिल्या वर्षाच्या अखेरीस, कोणीतरी दारात वाकून नमस्कार करू लागल्यावर, ध्यानात येतो.

साशंक : म्हणजे ज्या घरात पाहुण्यांचा राबता आहे तेथे असे पिल्लू आणूच नये, की त्या घराने वर्षभर पाहुणे कमी करावेत?

पुरस्कर्ता : पिल्लू आणण्यापूर्वी विचारले तर पहिले. ते पलंगाखाली जाऊन बसल्यावर विचारले तर दुसरे. आणि बहुतेक घरे तेव्हाच विचारतात.